‘बिग नाइट’: हॉटेल चालवणाऱ्या दोन भावांचा सिनेमा आणि मुंबईकर प्रेक्षकांचे नेहमीचे प्रश्न

दादर-परळ भागातले आम्ही काही जण एकत्र बसून सिनेमे बघतो आणि नंतर चहावर भांडतो. ‘बिग नाइट’ ज्यांना ज्यांना दाखवला त्यांच्याकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून ते एकदाचे लिहून काढले आहेत. मतं ऐकली तशी दिली आहेत, उत्तरं माझी आहेत. शेवट फुटणार असेल तिथे आधी सांगितलं आहे.

सिनेमा कशाबद्दल आहे, थोडक्यात सांगाल का?

१९९६चा अमेरिकन सिनेमा. दिग्दर्शक दोघे, कॅम्पबेल स्कॉट आणि स्टॅनली टुची. पटकथा टुची आणि त्याचा आईकडून नात्यातला भाऊ जोसेफ ट्रोपियानो यांची. काळ १९५०चं दशक, जागा न्यू जर्सीचा समुद्रकिनारा. इटलीहून आलेले दोन भाऊ एक छोटं हॉटेल चालवतात. थोरला प्रिमो (टोनी शालूब) भटारखान्यात, धाकटा सेकंदो (स्वतः टुची) बाहेर गल्ल्यावर आणि टेबलांवर. जेवण अव्वल, टेबलं रिकामी, बँकेचे हप्ते थकलेले. समोरच पास्कालचं हॉटेल आहे. तिथलं जेवण बेताचं, पण उभं राहायला जागा नसते. हा पास्काल सांगतो की गाजलेला गायक लुई प्रिमा याला मी तुमच्याकडे जेवायला पाठवतो. मग उरलेसुरले पैसे त्या एका रात्रीच्या मेजवानीवर लागतात.

भात आणि स्पगेटी एकत्र मागितली तर एवढं बिघडलं काय?

हा प्रश्न आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते तो फक्त इथेच येऊ शकतो.

प्रसंग सुरुवातीचा आहे. एक बाई रिसोट्टो, म्हणजे रश्शात घोटलेला इटालियन भात, मागवते. बराच वेळ थांबल्यावर तो येतो, तर ती म्हणते, सोबत स्पगेटी द्या. धाकटा समजावतो की दोन्ही पिठूळच झालं. बाई ऐकत नाही. स्पगेटी आणल्यावर तिला त्यावर मीटबॉल नाहीत याचं आश्चर्य वाटतं. आत थोरल्याचा पारा चढतो, तो भांडी आपटतो आणि अशा गिऱ्हाइकाला वाढायला तयार होत नाही. परदेशी प्रेक्षक इथे थोरल्याच्या बाजूने हसतात. आमच्याकडे निम्मी मंडळी गप्प बसतात, कारण त्यांना त्या बाईची चूकच दिसत नाही. आपल्या ताटात पोळी असते, वरणभात असतो, वर बटाट्याची भाजीही असते. वडापाव म्हणजे तर पावात घातलेला बटाटा. मिसळीबरोबर पाव संपला की आपण आणखी मागवतो. पिठावर पीठ नको हा नियम आपल्याकडे कधी नव्हताच.

इटालियन जेवणात मात्र रिसोट्टो आणि पास्ता हे दोन्ही एकाच पायरीचे पदार्थ. मुख्य मांस-मासळीच्या आधी दोहोंपैकी एकच येतो. आणि रिसोट्टो म्हणजे नुसता भात नव्हे. रस्सा पळीपळीने घालत, समोर उभं राहून तो घोटावा लागतो. शिजवून ठेवला आणि गरम करून वाढला असं त्यात चालत नाही. म्हणून त्या बाईला इतका वेळ लागला, आणि म्हणूनच थोरल्याला वर्मी लागलं.

हे समजावून सांगितल्यावरही लालबागची एक जण म्हणाली की बाईने पैसे मोजलेत, तिला हवं ते द्या. उलट माहीमचे एक काका, ज्यांच्या घरात मालवणी खानावळ होती, म्हणाले की बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ काढून द्या म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलंय आणि त्या वेळी वडिलांचा चेहरा अगदी प्रिमोसारखा झाला होता. म्हणजे तो नियम परका, पण तो चेहरा इथलाच.

मग बरोबर कोण, थोरला की धाकटा?

इथे घरं फुटायची वेळ येते. नोकरदार प्रेक्षक बहुतेक थोरल्याकडे असतात. कलेशी तडजोड नाही, लोकांना चव कळत नाही वगैरे. ज्यांनी स्वतः गल्ला सांभाळला आहे किंवा बापाला सांभाळताना पाहिलं आहे, ते धाकट्याकडे. थोरल्याला महिनाअखेर माहीत नाही, असं त्यांचं म्हणणं. एक चित्रकार थोरल्याकडे येऊन जेवतो आणि पैशाऐवजी चित्रं देऊन जातो, ती भिंतीवर लागलेली आहेत. हे पाहून नोकरदार मंडळी हळवी होतात. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी ज्यांच्या काउंटरवर होती ती मंडळी कपाळावर हात मारतात.

माझं मत विचाराल तर चुकतं ते दोघांच्या मध्ये. मेनूवरून हे भाऊ हवं तेवढं भांडतात. धाकटा म्हणतो रिसोट्टो काढून टाकू, महाग पडतो आणि वेळ खातो. थोरला चिडून म्हणतो, मग हॉट डॉगच ठेवू. पण वही मध्ये ठेवून, किती देणं आहे, किती दिवस उरलेत, हे बोलायला दोघे समोरासमोर बसत नाहीत. थोरल्याला विचारायचं नाही आणि धाकट्याला सांगायचं नाही. त्यात धाकट्याला वाटतं की झाकून नेलं की निभेल. बँकेत तो एका चेहऱ्याने बसतो, घरी दुसऱ्या आणि मैत्रिणीकडे तिसऱ्या. चकचकीत कॅडिलॅक चालवून बघतो तेव्हा खिशात काही नसतं.

घरच्या धंद्यात हे फार होतं. चव हा सगळ्यांच्या अभिमानाचा विषय, हिशेब हा एकट्याचा. गॅसचा निळा १९ किलोचा सिलिंडर कितीला आला, तेल कितीला चढलं, जीएसटी किती भरायचा, हे गल्ल्यावरच्याला ठाऊक असतं. आत फोडणी देणाऱ्याला नसतं. २०१७च्या नोव्हेंबरपासून साध्या हॉटेलांना ५ टक्के जीएसटी लावावा लागतो, पण भाड्यावर किंवा मालावर स्वतः भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. गिऱ्हाईक बिलावरचा तो ५ टक्क्यांचा आकडा बघून मालकावर डाफरतं. भाड्यावर गेलेल्या कराचं ओझं कुणालाच दिसत नाही, कधी कधी सख्ख्या भावालाही नाही. सिनेमात जीएसटी नाही, पण हा आंधळेपणा आहे, आणि तो टुचीने फार बारकाईने दाखवला आहे.

पास्काल खलनायक म्हणायचा का? (शेवट फुटतो)

इयन होमने हा माणूस असा रंगवलाय की धंदेवाईक मंडळी त्याच्यावर फिदा होतात. त्याचा सल्ला साधा आहे: आधी लोकांना हवं ते द्या, जम बसला की मग तुम्हाला हवं ते द्या. यात खोटं काही नाही. मुंबईतली उडुपी हॉटेलं काही नुसत्या इडली-डोशावर टिकली नाहीत. पावभाजी आली, पंजाबी भाज्या आल्या, शेजवान नूडल्स आल्या. माटुंग्याच्या रामा नायकसारखी, १९४२पासून केळीच्या पानावर तेच जेवण वाढणारी जागा हा अपवाद, आणि अपवाद असल्यामुळेच लोक तिथे रांग लावतात. मराठी उपाहारगृहांतही साबुदाणावड्याच्या शेजारी चायनीजचं पान आलेलं आपण पाहिलंय. मला स्वतःला ते पान आवडत नाही, पण त्या पानाने कुणाकुणाचे पगार निघाले असतील हेही कळतं.

पास्कालचं पाप मेनूत नाही. त्याने लुई प्रिमाला कधी फोनच केलेला नसतो. दोघा भावांनी बुडावं आणि आपल्याकडे नोकरीला यावं हा त्याचा डाव. थोरल्याच्या हाताची किंमत त्याला इतरांपेक्षा जास्त कळते, हीच त्यातली गोम. जेवताना त्याला भरून येतं ते नाटक नाही, असं मला वाटतं. आमच्यातल्या एकाचा मुद्दा मला पटला: अडचणीत आलेल्या माणसाला कर्ज नाकारून ओळख देऊ करणारा भेटला की सावध व्हावं. सेकंदो आधी कर्ज मागायलाच गेला होता.

लुई प्रिमा खरा माणूस होता का?

हो. न्यू ऑर्लिन्सचा गायक आणि ट्रम्पेटवादक, १९१० ते १९७८. १९६७च्या ‘जंगल बुक’ कार्टूनपटात वानरांच्या राजाचा आवाज त्याचा. दूरदर्शनवर मोगली बघितलेल्यांना हे सांगितलं की फार आनंद होतो, पण ती मालिका वेगळी, गल्लत करू नका.

एका रात्रीवर सगळं लावणं हा शुद्ध वेडेपणा नाही का?

आहे. पण वेडेपणा न ओळखण्याइतका परका नाही. अमुक नट येऊन जेवून गेला, हा बघा फोटो, अशी फ्रेम गल्ल्यामागे गणपतीच्या शेजारी असते की नाही? आता फोटोची जागा रीलने घेतली आहे. कुणीतरी येऊन चमचमीत व्हिडिओ करावा, दुसऱ्या दिवशी रांग लागावी. कधी लागतेही. २०१५ साली दादरच्या आस्वादच्या मिसळीला लंडनमध्ये बक्षीस मिळालं आणि नंतर काय गर्दी झाली ते शिवाजी पार्कच्या लोकांना विचारा. फरक एवढाच की आस्वाद त्याआधीही भरलेलंच असायचं. १९८६पासूनची जागा ती. बक्षिसाने रांग लांबवली, रिकाम्या टेबलांना वाचवलं नाही. सिनेमातल्या भावांना नेमकं तेच हवं होतं आणि ते एका पाहुण्याच्या हातात नसतं. समजा लुई प्रिमा आला असता, पोटभर जेवला असता, वर्तमानपत्रात फोटो छापून आला असता. पुढच्या आठवड्यात आलेल्या बाईने पुन्हा रिसोट्टोबरोबर स्पगेटीच मागितली असती.

हीच गोष्ट मुंबईत घडली असती तर?

पहिला फरक जागेचा. गिरगाव, दादर, परळ इथली बरीच जुनी मराठी हॉटेलं आणि इराणी कॅफे पगडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या, गाळ्यांत उभे राहिले. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी जवळपास गोठली. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला तेव्हा जुना कायदा गेला आणि पगडी घेणं-देणं उघड कायदेशीर झालं. त्यामुळे इथे धंदा मंद असला तरी हॉटेल वर्षानुवर्षं तग धरतं, कारण भाडं किरकोळ असतं. मग एके दिवशी इमारत पुनर्विकासाला जाते. भटारखान्याची जागा नव्या नकाशात कशी बसणार, धुराडं कुठून काढणार, तीन वर्षं कामगारांना काय द्यायचं, या प्रश्नांवर घरात पहिल्यांदा खरी बैठक होते. न्यू जर्सीत बँक टाळं लावते. इथे बिल्डरचा माणूस पेढे घेऊन येतो.

दुसरा फरक वारांचा. अमेरिकन हॉटेलला शनिवार मोठा. मालवणी खानावळीला बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवारी अर्धं गिऱ्हाईक पाळणारं. जून-जुलैत मासेमारी बंद, पापलेट-सुरमईचे भाव चढलेले, गटारीला झुंबड आणि लगेच श्रावण. ज्याने या तालावर गल्ला सांभाळला आहे त्याला सेकंदोची घालमेल समजवावी लागत नाही.

तिसरा फरक पुढच्या पिढीचा, आणि तो सिनेमात नाहीच. तिथे दोघे तरुण आहेत, त्यांना हॉटेल चालवायचंच आहे. इथे बहुतेक ठिकाणी मुलगा आयटीत असतो, मुलगी परदेशात, आणि गल्ल्यावर बसलेले साठीचे गृहस्थ गिऱ्हाइकाला सांगतात की आम्ही आहोत तोवर आहे.

बायका फक्त जेवायला आणि रडायला आहेत का?

ही तक्रार रास्त आहे. इझाबेला रोसेलिनीची गॅब्रिएला, मिनी ड्रायव्हरची फिलिस, ॲलिसन जॅनीची फुलं विकणारी ॲन, तिघी उत्तम. पण चूल भावांची, गल्ला भावांचा, निर्णयही भावांचे.

मुंबईत खानावळीची गोष्ट बाईला वगळून सांगताच येत नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो कामगार एकटे राहायचे. त्यांचं महिन्याच्या बोलीवरचं जेवण करणाऱ्या बहुतांश बायका, दहा बाय बाराच्या खोलीत, स्टोव्हवर. किराणा उधारीवर आणि सावकाराचं व्याज डोक्यावर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून त्यांना कर्ज मिळवून दिलं. सिनेमात बँक दार लावून घेते. इथे खानावळवाल्या बायकांनी बँकेचं दार उघडायला लावलं. पुढे १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारेच गावाला गेले तेव्हा कुणाच्या हाताला किती चव होती हा प्रश्नच उरला नाही. करी रोडच्या एका आजींनी हा सिनेमा पाहून एवढंच विचारलं की यांनी मेस का नाही काढली, बांधलेली गिऱ्हाइकं असती तर बँकेत जावं लागलं नसतं. मला वाटतं, सगळ्या चर्चेतला हा सगळ्यात धंद्याचा मुद्दा होता.

फार संथ आहे असं ऐकलंय.

पहिला अर्धा तास आहे. चहा घेऊन बसा.

मेजवानीतला तो ढोलासारखा पदार्थ कोणता? घरी करता येतो का?

तिंपानो. टुचीच्या घरात, मूळच्या कालाब्रियाच्या, सणाला होणारा पदार्थ. मोठ्या एनॅमलच्या गोल भांड्यात लाटलेली पातळ पारी अस्तरासारखी घालतात. तिच्यात शिजवलेला पास्ता, मांसाचा रस्सा, मीटबॉल, उकडलेली अंडी, सलामी, चीज असे थर भरतात. पारीच्या कडा वर दुमडून बंद करतात आणि भट्टीत भाजतात. बाहेर काढल्यावर लगेच उपडा करायचा नाही, नाहीतर कापताना सगळं वाहून जातं. सिनेमात दोघे भाऊ त्यावर हात ठेवून, कान लावून अंदाज घेतात. तो क्षण बघताना आमच्या खोलीत कुणी बोलत नाही.

आमच्यातल्या एकीने छोट्या ओटीजीत, मांसाऐवजी मशरूम आणि पनीर घालून केला होता. पारी जाड झाली, बाकी छान. शाकाहारी करणार असाल तर भरणातलं पाणी आधी पुरतं आटवा, एवढी एकच खबरदारी. गॅसवर, कढईत वाळू घालून वगैरे प्रयोग करू नका.

शेवट अर्धवट का सोडलाय? हॉटेल चालू राहतं का? (अर्थातच शेवट फुटतो)

पाहुणा येत नाही, पैसे संपलेत, पास्कालचा डाव कळलाय, दोघे भाऊ किनाऱ्यावर एकमेकांच्या अंगावर धावून गेलेत. थोरल्याला रोमला कामाचं बोलावणं आहे, तो जाईल की नाही हे सांगितलेलं नाही. मग सकाळ होते. भटारखान्यात धाकटा अंडी फोडतो, मीठ घालतो, फेटतो, तव्यात तेल टाकतो. एक ऑम्लेट. थोडं मदतनीस पोऱ्याला, थोडं स्वतःला, बाकी तव्यातच ठेवतो. थोरला येतो तेव्हा उठून त्याला वाढतो. हे सगळं जवळपास पाच मिनिटांचं, एकाच सलग शॉटमध्ये आणि जवळजवळ संवादाविना.

यावर तीन मतं पडतात. पहिलं: समेट झाला, हॉटेल पुन्हा उभं राहील. दुसरं: हॉटेल संपलं, भाऊ तेवढे उरले. तिसरं मत आमच्यातल्या एका हॉटेलवाल्याचं. तो म्हणाला की दोन्ही नाही. रात्री पाहुणे जेवले, सकाळी स्टाफला भूक लागली, एवढंच ते. भटारखान्यात सकाळी काहीतरी करून खावंच लागतं, आदल्या रात्री काहीही झालेलं असो.

मी दुसऱ्या मताचा आहे. बँकेची मुदत ऑम्लेटने वाढत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या: सिनेमाभर स्वयंपाक करतो तो थोरला, आणि त्या सकाळी करतो तो धाकटा, त्याला न विचारता. हिशेब अजूनही समोर मांडलेला नाही, पण वाढायला पहिल्यांदा गल्ल्यावरचा माणूस आत आलाय. ज्यांना शेवटी पाटी बदललेली किंवा टाळं लागलेलं दिसायला हवं, त्यांची निराशा होणार. त्यांना माझा इलाज नाही.

आईवडिलांबरोबर किंवा मुलांबरोबर बघता येईल का?

आईवडिलांबरोबर जरूर. एक लपवलेलं प्रेमप्रकरण आहे आणि शिव्या आहेत, अमेरिकेत त्या भाषेमुळेच याला ‘आर’ प्रमाणपत्र होतं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा. लहान मुलं कंटाळतील. संवाद इंग्रजी आणि अधूनमधून इटालियन, तेव्हा सबटायटल्स लावाच. भावांचं पुटपुटणं त्याशिवाय हातचं जातं.

बघायच्या आधी जेवावं की नंतर?

नंतर. आधी जेवलात तर मेजवानीचा पाऊण तास वाया जाईल. आणि नंतर बाहेर जाणार असाल तर वार बघा: मासे खायचे असतील तर रविवारी दुपारी दादरला टेबल मिळायला तासभर उभं राहावं लागेल. सोमवारी जा. टेबल लगेच मिळतं, आणि गल्ल्यावरचे गृहस्थ बोलायला मोकळे असतात.